कौल प्रेक्षकांचा, कथा कोणाची?

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी गांभीर्याने विचार करणे हे अद्यापही सुशिक्षितांच्या लेखी काहीसे कमीपणाचे समजले जाते. कादंबरीवर चर्चा होते, नाटकाचे परीक्षण छापले जाते, चित्रपटावर परिसंवाद भरतात. मालिका मात्र ‘घरातल्यांनी जेवताना पाहावयाची गोष्ट’ म्हणून बाजूस सारली जाते. वस्तुतः महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांत रोज संध्याकाळी एकत्र बसून जी कथा ऐकली-पाहिली जाते ती मालिकेचीच असते. पूर्वी देवळातील पुराणाने किंवा कीर्तनाने जी जागा व्यापली होती, तीच आज तिने व्यापली आहे. अशा कथेविषयी लोक काय बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक मानता येणार नाही.

रत्नागिरीसारख्या शहरात हे बोलणे ऐकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शाळेतील शिक्षकांची खोली, कचेरीतील मधली सुट्टी, एस. टी. चा थांबा, या ठिकाणी आदल्या रात्रीच्या भागाची चिरफाड रोज चालू असते. तीन तक्रारी तेथे हमखास ऐकू येतात. ‘त्या पात्राला उगीचच दुष्ट केले’ ही पहिली. ‘गोष्ट नुसती ताणत नेली आहे’ ही दुसरी. आणि ‘आमच्याकडे असे कोणी बोलत नाही, वागत नाही’ ही तिसरी. बारकाईने पाहिले तर पहिली तक्रार पात्राच्या वर्तनामागील कारणाविषयी आहे, दुसरी रचनेच्या प्रमाणबद्धतेविषयी आणि तिसरी चित्रणाच्या सत्यतेविषयी. साहित्यसमीक्षेचे ग्रंथ ज्या कसोट्या सांगतात, त्याच या आहेत. फक्त त्या साध्या भाषेत मांडलेल्या आहेत. प्रेक्षकाला कळत नाही, त्याला हेच हवे असते, असे जे वाहिन्यांच्या वतीने नेहमी सांगितले जाते, त्याला या गप्पांतच परस्पर उत्तर मिळते. मग एवढे शहाणे मत इतक्या विपुलतेने उपलब्ध असताना कथेवर त्याचा परिणाम का होत नाही?

कोकणचा अनुभव

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण कोकणातच घडले. २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. कुडाळ तालुक्यातील आकेरी येथील एका जुन्या घरात तिचे चित्रण झाले. नाईक कुटुंबातील कर्ता पुरुष अण्णा याच्या मृत्यूने कथेला आरंभ झाला आणि घरावर पडलेली संशयाची, भयाची सावली रोज रात्री साडेदहा वाजता महाराष्ट्रभर पोहोचू लागली. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत क्वचितच ऐकू येणारी मालवणी बोली अनेक पात्रांच्या तोंडी होती. विसराळू पांडूचे ‘इसारलंय’ हे उत्तर घरोघर पोहोचले.

कोकणातून त्यावर दोन परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या. आपली बोली, आपले अंगण, आपली माणसे पडद्यावर आली याचे कौतुक झाले. त्याच वेळी कोकण म्हणजे भुते, करणी आणि भाऊबंदकी अशी प्रतिमा उभी राहते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेप घेऊन मालिका बंद करण्याची मागणीही पुढे आली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये अमलात आला होता. त्या पार्श्वभूमीवर हा आक्षेप निव्वळ भावनेचा होता असे म्हणता येत नाही. रत्नागिरीकरांची तक्रार आणखी थोडी निराळी होती आणि आहे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मालवणीचा मुख्य प्रदेश तिकडे राहिला. मंडणगडापासून राजापुरापर्यंतच्या रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरी आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या बोली बोलल्या जातात. परंतु पडद्यावर कोकण आले की ते सरसकट मालवणीच असते. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या राजापूर-लांज्याच्या मुलाला ‘मालवणी बोलून दाखव’ असा आग्रह होतो, तेव्हा या सरसकटपणाची किंमत काय असते ते त्याला कळते.

मालिका पुढे दोनदा परतली. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या पर्वाने काळाची दिशा उलटी केली आणि पहिल्या पर्वात मरण पावलेल्या अण्णाचीच पूर्वकथा सांगितली. तिसरे पर्व २०२१ मध्ये आले आणि पुढील वर्षी संपले. दुसऱ्या पर्वात एक विलक्षण गोष्ट घडली. अण्णा नाईक हा लंपट, क्रूर, माणसे मारणारा असा रंगविलेला होता. तरीही माधव अभ्यंकर यांनी उभा केलेला हा खलपुरुष आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता हीच जोडी लोकांच्या सर्वाधिक पसंतीस उतरली. आकेरीचे घर पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. ज्यांनी कोकणच्या बदनामीची तक्रार केली त्यांचा आणि जे घरासमोर छायाचित्रे काढून गेले त्यांचा, दोघांचाही वाहिनीच्या हिशेबात ‘प्रेक्षक’ असाच एक आकडा झाला. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

समोरचा प्रेक्षक

कोकणाला कथाकार आणि श्रोता यांच्यातील निराळे नाते माहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्यात आणि त्यानंतर रंगणाऱ्या नमन-खेळ्यांत गण, गवळण होऊन वग सुरू झाला की समोरची मंडळी स्वस्थ बसत नाहीत. विनोद पडला तर तो तिथल्या तिथे कळतो. प्रसंग लांबला तर चुळबुळ सुरू होते आणि मृदंगवाल्याला इशारा जातो. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर सवाल-जवाब करतात. प्रत्येकाचे चाहते ठरलेले असतात, परंतु उत्तर लंगडे पडले की आपल्याच शाहिराला ते सोडत नाहीत. दक्षिणेकडील दशावतारात संवादाची लिखित संहिता नसते. नट पौराणिक आख्यानाचा सांगाडा धरून आयत्या वेळी बोलतो आणि समोरच्या रात्रीचा नूर पाहून ते बोलणे वाढवतो वा आवरतो. या सर्व प्रकारांत कथाकाराला पसंती-नापसंती समजण्यासाठी मध्यस्थाची गरज पडत नाही.

याचा अर्थ जुने ते सर्व सोने असा नव्हे. समोरच्या श्रोत्यांना खूश करण्यासाठी सवंगपणाही शिरतोच. पण तेथे मत व्यक्त करणारा आणि कथेचा खर्च उचलणारा हे दोघे बहुधा एकच असतात. गावाने सुपारी दिलेली असते आणि गावच समोर बसलेले असते. मालिकेच्या बाबतीत नेमका हाच दुवा तुटलेला आहे.

ग्राहक कोण?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो ग्राहक कोण हा. खाजगी वाहिनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो. जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षकांच्या लक्षासाठी. अर्थात या बाजारात विकला जाणारा माल म्हणजे कथा नव्हे, तर कथेसमोर बसलेला माणूस होय. २०१९ पासून प्रेक्षकाला वाहिन्या निवडून त्यांचे शुल्क भरण्याची सोय झाली हे खरे. परंतु ते शुल्क संपूर्ण वाहिनीचे असते. साडेआठची मालिका आवडत नाही म्हणून तिचे पैसे कापून घेण्याची सोय कोणत्याही दरपत्रकात नाही.

आपल्या देशात हा व्यवहार सुरू झाला त्याची तारीखही सांगता येते. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही १५६ भागांची मालिका मेक्सिकोतील समाजशिक्षणपर मालिकांच्या धर्तीवर योजली होती आणि तिला एका खाद्यपदार्थाच्या उत्पादकाचे प्रायोजकत्व होते. सुरुवातीच्या भागांतील कुटुंबनियोजनाचा उघड उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, तेव्हा तेरा भागांनंतर तो सौम्य करण्यात आला. भागाच्या शेवटी निरूपण करणाऱ्या अशोककुमार यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला. म्हणजे प्रेक्षकांचे मत ऐकण्याची इच्छा त्या काळी होती आणि पत्र हे त्याचे साधन होते. पत्रात कारण लिहावे लागते; हे त्या साधनाचे मोठेपण होते.

आज पत्राची जागा मोजणीने घेतली आहे. २०१५ पासून हे काम ‘बार्क’ ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनी मिळून ती चालविली आहे. २०२० च्या सुमारास देशात दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे २१ कोटी असल्याचा अंदाज होता, आणि मोजणीची यंत्रे होती सुमारे ४४ हजार घरांत; म्हणजे एका यंत्रामागे जवळजवळ पावणेपाच हजार घरे. नमुना शास्त्रशुद्ध रीतीने निवडला तर लहान असूनही चालतो, हे संख्याशास्त्र जाणणारा मान्य करील. दोष नमुन्याच्या आकारापेक्षा प्रश्नाच्या स्वरूपात आहे. कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी चालू होती, एवढेच यंत्र विचारते. का चालू होती, पाहणारा रमला होता की वैतागला होता, हे त्याला कळत नाही.

कोकणी माणसाला हा प्रकार अपरिचित नाही. देवाला कौल लावला की प्रथेप्रमाणे पाकळी उजवीकडे पडते किंवा डावीकडे. होकार मिळतो किंवा नकार. परंतु कौल लावण्यापूर्वी गाऱ्हाणे घातले जाते, आणि गाऱ्हाण्यात माणूस आपली सारी अडचण सविस्तर सांगतो. मालिकांच्या व्यवहारात गाऱ्हाणे गळून गेले आहे आणि केवळ कौल उरला आहे. तोही दर आठवड्याला.

वैतागून पाहणारा

या एकाक्षरी कौलाचा परिणाम कथेवर कसा होतो, याचे उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका २०१३ ते २०१६ या काळात अतिशय लोकप्रिय होती. तिच्या उत्तरार्धात नायिका जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की तो राज्यभर थट्टेचा विषय झाला. जो तो हसत होता, चिडत होता आणि रात्री पुन्हा पाहत होता. घरातल्यांना सुनावत पाहणारा प्रेक्षक आणि मनापासून आनंद घेणारा प्रेक्षक यंत्राच्या लेखी समान होते. तक्रार तोंडावर होती. पाकळी मात्र उजवीकडेच पडत होती.

प्रेक्षक चिडूनही का पाहतो, याचे कारण अर्थशास्त्रातील ‘बुडीत खर्चा’च्या कल्पनेत सापडते. जाहिराती वगळता बावीस मिनिटांचा भाग आठवड्यातून सहा दिवस पाहिला तर वर्षाकाठी सुमारे ११४ तास होतात. महाविद्यालयात एखाद्या विषयाच्या वर्षभराच्या तासिकाही बहुधा याहून अधिक भरत नाहीत. एवढा वेळ गुंतविल्यावर शेवट न पाहता उठून जाणे जिवावर येते. झालेला खर्च परत येणार नाही, तेव्हा पुढचा निर्णय पुढच्या लाभावर घ्यावा, असे शास्त्र सांगते. मनुष्यस्वभाव मात्र नेमका उलट वागतो. निर्मात्यांचीही अडचण असते. नवी मालिका रुजविण्याचा खर्च आणि धोका मोठा असतो. चालत्या मालिकेवर नट, लेखक, प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार अशा अनेकांची चूल पेटत असते. अशा वेळी कथा जेथे संपावयास हवी तेथे ती संपविणे हा सर्वांनाच तोट्याचा निर्णय वाटतो. कथा ताणली जाते ती लेखकाच्या अंगी कसब नसते म्हणून नव्हे. ती संपविण्यात कोणाचेच हित उरत नाही म्हणून.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका छोट्या ग्रंथात या प्रकारच्या ऱ्हासाची मीमांसा केली. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा असेल तर माणूस काही काळ थांबून बोलतो. हिर्शमनने नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण दिले. सेवा बिघडताच ज्यांना ती सर्वाधिक खटकत होती तेच मालमोटारींकडे वळले. तक्रार करणारेच उरले नाहीत, म्हणून रेल्वे सुधारली नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदांच्या शाळांतून जागरूक पालक आधी बाहेर पडले तेव्हा काय झाले, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. मालिकांचेही तसेच होते. कथेतील विसंगती ज्याला प्रथम खुपते तो प्रथम उठतो. मागे उरलेल्यांची सहनशक्ती अधिक असते, आणि पुढची कथा त्या सहनशक्तीच्या मापाने बेतली जाते.

मग कथा प्रेक्षकांनीच ठरवावी काय?

यावर एक सोपा उपाय सुचतो: प्रेक्षकांनाच विचारावे. हा प्रयोगही जगात होऊन गेला आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील ‘बॅटमॅन’ या चित्रकथेच्या प्रकाशकांनी नायकाचा तरुण साथीदार रॉबिन ऊर्फ जेसन टॉड याने जगावे की मरावे, हे वाचकांच्या दूरध्वनीवरील मतांवर सोपविले. प्रत्येक दूरध्वनीला शुल्क होते आणि एकाने किती वेळा मत द्यावे यावर बंधन नव्हते. मरणाच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जगण्याच्या बाजूने ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी एका पात्राचा वध झाला. पुढे २००५ मध्ये त्याच पात्राला पुन्हा जिवंत करून आणावे लागले. मतदान चोख झाले; कथा मात्र त्यामुळे अधिक खरी झाली असे म्हणता येणार नाही. कोणी मरावे असे वाटणे आणि त्याचे मरण कथेतून अपरिहार्यपणे उद्भवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण शेरलॉक होम्सचे. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये त्याला मारले; वाचक खवळले, अनेकांनी मासिकाची वर्गणी बंद केली; अखेर १९०३ मध्ये होम्स परतला. येथे वाचकांचा आग्रह साहित्याला लाभदायक ठरला असे म्हणता येईल. परंतु होम्स परत हवा एवढेच वाचकांनी सांगितले होते. तो कसा वाचला आणि पुढे काय करील, हे काम लेखकाकडेच राहिले.

शिवाय प्रेक्षकांचे प्रेम नेहमीच लेखकाला अभिप्रेत असलेल्या दिशेने जात नाही. ‘हम लोग’मधील भागवंती ही सोशिक आई योजली होती ती, असे सोसत राहू नये, हे दाखविण्यासाठी, पुढे अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानल्याचे आढळले. भागवंतीपासून अण्णा नाईकापर्यंतची ही परंपरा लेखकांना एक इशारा देते. ज्या पात्राला अधिक वेळ, चांगले संवाद आणि समर्थ नट मिळतो, त्याच्यावर लोक प्रेम करतात. मग ते पात्र सोसणारे असो वा छळणारे. पण लोकप्रियतेच्या आकड्यावर विसंबून छळणाऱ्यालाच नायक करीत जाणे, ही जबाबदारी प्रेक्षकांवर ढकलता येणार नाही.

तात्पर्य, प्रेक्षकांच्या मतांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: इच्छा आणि निकष. ‘त्या दोघांचे लग्न व्हावे’ ही इच्छा. ‘काल जे तिला ठाऊक होते ते आज कसे विसरली’ हा निकष. इच्छा पुरविण्यास लेखक बांधलेला नाही. निकषाला उत्तर देण्यास तो बांधलेला आहे. आजच्या व्यवस्थेची विपरीतता अशी की ती इच्छेला भराभर शरण जाते आणि निकषाकडे मात्र सर्रास दुर्लक्ष करते.

बंदी नव्हे, जाब

याच दृष्टीने कोकणातील आक्षेपांकडे पाहिले पाहिजे. मालिका बंद करा, ही मागणी दुबळी होती. कारण भुताची गोष्ट सांगण्याची परंपरा कोकणानेच जोपासली आहे. पावसाळ्यातल्या रात्री ओटीवर बसून ज्यांनी अशा गजाली ऐकल्या, त्यांनी पडद्यावरच्या भुताला हद्दपार करू पाहणे हास्यास्पद ठरते. शिवाय बंदीची भाषा निघाली की मालिकेची जाहिरात होते आणि मूळ मुद्दा हरवतो. खरा जाब निराळा आहे. भय दाखविलेत, तर त्याचा उगम माणसाच्या लोभात आहे की अदृश्य शक्तीत, हे कथेने प्रामाणिकपणे ठरविले काय? बोली वापरलीत, तर ती गड्याच्या आणि विदूषकाच्या तोंडी जेवढी दिली तेवढीच डॉक्टरच्या, वकिलाच्या आणि शिक्षिकेच्या तोंडी दिली काय? गाव दाखविलेत, तर बागायतदाराचे कर्ज, मच्छीमाराचे जाळे, मुंबईहून येणाऱ्या पैशावर चालणारे घर, यांपैकी काही त्या गावात आहे काय? असे प्रश्न विचारणारा प्रेक्षक शत्रू नसतो. तो कथेचा सर्वांत निष्ठावान ग्राहक असतो.

हे प्रश्न कचेरीतल्या गप्पांत विरून जाऊ नयेत, यासाठी फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. वृत्तपत्रांनी नाटकाप्रमाणेच मालिकांचेही नियमित आणि निर्भीड परीक्षण छापावे. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्यस्पर्धेचे प्रयोग पाहून त्यांवर तावातावाने वाद घालणाऱ्या रसिकांनी तोच कस मालिकांना लावण्यात कमीपणा मानू नये. महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांनी एखादी मालिका चर्चेस घ्यावी. विद्यार्थी ती पाहतातच, ती कशी पाहावी हे शिकविणे हे शिक्षणाचे काम आहे. आणि ज्या मालिकेविषयी तीन महिने केवळ तक्रारच करीत आहोत ती प्रत्येक घराने बंद करावी. मात्र बंद का केली हे दोन ओळींत वाहिनीला कळवावे. मुकाट्याने जाणाऱ्याची जागा भरून निघते, कारण सांगून जाणाऱ्याची नोंद कोठेतरी राहते.

बाजार माणसाची उपस्थिती मोजतो. त्याचे मत मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही आणि ते निघण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. कथा लिहिण्याचा अधिकार लेखकाचा राहील, आणि तो राहिलाच पाहिजे. पण कथा ऐकणाऱ्याला ‘हे असे का?’ म्हणून विचारण्याचा अधिकार त्याहून जुना आहे. कोकणातल्या अंगणांनी तो आजवर कधी सोडलेला नव्हता. आता घरातील पडद्यासमोर बसताना तो सोडून देण्याचे काही कारण नाही.